भिंत पडली की कळवा

आमचं गाव मेलेल्यांवर जगतं. दचकू नका, शिवी देत नाहीये, धंदा सांगतोय! सेती राजा कधीच मेला, त्याचं देऊळ उरलं. ते बघायला जगभरातून माणसं येतात आणि आम्ही जिवंत माणसं टोप्या, चहा आणि थडग्यातले म्हणून विकायचे दगडाचे खोटे भुंगे घेऊन त्यांच्यामागे धावतो. अडचण एकच. अबायडोसला माणूस येतो, पण थांबत नाही. सकाळी लक्सरहून बस येते, दुपारी देऊळ बघून संपतं, आणि ऊन कलायच्या आत बस परत! इथं मुक्काम करायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझ्या मात्र आलं. मी, किनावी, देवळासमोर राहतो. घराच्या चार खोल्या पाहुण्यांसाठी रंगवून घेतल्या, गाद्या भरून घेतल्या, दारावर पाटी लावली. पाहुण्याला मुक्काम कसा करायला लावायचा हे अख्ख्या सईदमध्ये, या सगळ्या दक्षिण मुलखात, मला विचारा! पाहुणा तेवढा यायचा बाकी होता.

आणि आला! कैरोच्या इंजी मॅडमचा फोन. त्यांच्या प्रवासी कंपनीला असं घर हवं होतं, की पाहुणे रात्री राहतील आणि पहाटे, बसगाड्यांची गर्दी व्हायच्या आधी, गच्चीवर चहा पीत देऊळ बघतील. त्या स्वतः येऊन एक रात्र राहणार, आणि मग ठरवणार, पाहुणे माझ्याकडे उतरवायचे की लक्सरलाच.

"देऊळ दिसतं ना गच्चीवरून?"

"मॅडम, हात लांब केलात तर सेती राजाच्या नाकाला लागेल!"

अगदीच खोटं नव्हतं हो. दिसायचं. माझ्या थोरल्या भावानं, रश्वाननं, मध्ये भिंत घालेपर्यंत दिसायचं.

वडील गेले, वाटणी झाली, आणि हद्दीवरचं खजुराचं झाड कुणाचं यावरून आमची जुंपली. झाड वाळून गेलं, भांडण मात्र अजून हिरवंगार! रश्वाननं हद्दीवर भिंत उठवली, ती माझ्या गच्चीच्या वर नेली आणि वर कबुतरखाना ठेवला. कुणी विचारलं की म्हणायचा, "कबुतरांना उंचावरची हवा मानवते." आता माझ्या गच्चीवरून तीन हजार वर्षांचं देऊळ दिसत नाही. कबुतरं दिसतात, तीही मागून.

"मॅडम गच्चीवर गेल्या की संपलं," माझी बायको सबरीन म्हणाली.

"जाऊच द्यायचं नाही! दारापुढं मंडप घालू. मंडपातून देवळाच्या पायऱ्या दिसतात. तिथं बसवू, बदक खाऊ घालू, गप्पांत अंधार पाडू. सकाळी गच्चीवर जाईपर्यंत मॅडमचा होकार खिशात!"

"आणि सकाळी?"

"सकाळचं सकाळी."

"बघा बाई," ती म्हणाली. "मॅडमचे पाहुणे आले तर पोरांना तिकडं समुद्राकाठच्या हुरघाड्याहून परत बोलावता येईल. दोघं परक्यांच्या हॉटेलात चादरी बदलतात. आपल्या घरच्या बदलतील."

हे ती रोजच म्हणायची. मीही मनात तेच म्हणत होतो, फक्त बोलून दाखवत नव्हतो.

मॅडम यायच्या दिवशी खलफ मंडपवाल्याला गाठलं. मला स्टेशनवर पोचायची घाई!

"लग्न?" खलफनं विचारलं.

"नाही."

"सुंता?"

"पोरं मिशीवाली झाली रे माझी! तू मंडप घाल."

खलफचा आवाज एकदम खाली आला. "बरं. दिव्यांच्या माळा?"

"काही नको. साधं असू दे."

"खुर्च्या?"

"नेहमीसारख्या मांड!"

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, जरा दाबला आणि मान खाली घालून निघून गेला. मला वाटलं, काय गुणी माणूस आहे!

जाता जाता सबरीनला बजावलं, "मॅडम साखर घेत नाहीत. कॉफीचं मोठं पातेलं चढव, साखर कणभर नको!" आणि धावत रिक्षा पकडली. फोन घरीच राहिला, पिठाच्या डब्यावर.

आता बाल्याना स्टेशनवर मी गाडीची वाट बघत बसलो, आणि गाडी नेहमीप्रमाणे आपल्याच मनानं येणार होती. तोवर घरी काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी जमवलंय.

खलफनं मंडप घातला. माळा नाहीत, ढोल नाही. खुर्च्या समोरासमोर दोन रांगांत, मध्ये जायला वाट. मग त्यानं कर्णा लावला, आणि कर्णा चालतो का बघायला कुणीही भला माणूस लावतो तेच लावलं, कुराणपठण! तेवढ्यात कॉफी आली. बिनसाखरेची! आमच्याकडे बिनसाखरेची कॉफी एकाच ठिकाणी मिळते. जिथलं माणूस गेलेलं असतं तिथं.

त्यात आमची रीत अशी, की मयताच्या मंडपात कुणी काही विचारत नाही. कोण गेलं, कसं गेलं, हे विचारणं म्हणजे उद्धटपणा. यायचं, हात मिळवायचा, "उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो" म्हणायचं, कॉफीचा घोट घ्यायचा आणि गप्प बसायचं. गल्लीतून जाणाऱ्या पहिल्या माणसानं तेच केलं. त्याला बसलेला बघून दुसरा बसला. थोड्याच वेळात खुर्च्या भरल्या आणि खलफ आणखी खुर्च्या आणायला पळाला!

आत सबरीन बदक सोलत होती. शेजारची उम्म हाशिम आली ती गळ्यातच पडली.

"धीर धर गं बाई!"

"कसला धीर?" सबरीनचे दोन्ही हात पिसांनी भरलेले.

उम्म हाशिमनं मागच्या बायकांकडे बघितलं. "बिचारी अजून मानायला तयार नाही."

"अगं काय मानायला? हे स्टेशनवर गेलेत, मॅडमना आणायला!"

"स्टेशनच्या रस्त्यावरच झालं म्हणायचं मग," कुणीतरी मागून म्हणालं.

सबरीनच्या हातातलं बदक खाली पडलं. तिनं धावत जाऊन कुणाचा तरी फोन हिसकावला आणि मला लावला. माझा फोन वाजला, तिच्या पाठीमागे, पिठाच्या डब्यावर. फोन घरी आणि माणूस नाही! पुढं ती जे रडली, ते रडणं भिंतीच्या पलीकडे गेलं. रश्वान कबुतरांना दाणे टाकत होता. टोपलं तिथंच टाकून तो अनवाणी खाली धावला.

इकडे मी इंजी मॅडमना घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचलो. खुर्च्यांमुळं रिक्षा पुढं जाईना. मंडप माणसांनी फुललेला! माझा ऊर भरून आला.

"बघा मॅडम, तुमच्या स्वागताला सगळं गाव लोटलंय!"

"इतकं?" मॅडम खूश झाल्या. "पण सगळे असे गप्प का?"

"सुसंस्कृत गाव आहे."

मागच्या बाजूनं, मंडपाच्या कापडाला लागून, मी त्यांना घराकडे नेऊ लागलो. आणि आतून आवाज आला तसा माझा पाय जागीच थबकला. रश्वानचा आवाज! वर्षानुवर्षं मी तो फक्त कबुतरांना बोलावताना ऐकला होता.

"माझा किनावी गेला हो!" तो रडत होता. "हाजी मख्लूफ, ह्याच हातांनी मी त्याला चालायला शिकवलं. आणि ह्याच हातांनी भिंत घातली!"

मॅडमनी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"बहुतेक मी," मी म्हणालो.

त्यांच्या हातातली बॅग खाली पडली.

आत लोक रश्वानला सावरत होते. "किनावी बोलायला फटकळ होता, पण मनानं..." एक जण म्हणाला आणि पुढं काही न सुचून थांबला. दुसरा म्हणाला, "बढाईखोर होता." तिसरा म्हणाला, "ते तर होताच." माझ्याच मंडपात, माझीच कॉफी पिऊन!

पण रश्वानचं रडणं खरं होतं. मला ते सहन होईना. कापड बाजूला सारणार, एवढ्यात तो म्हणाला, "सबरीन, पोरी, ऐकतेस ना? सगळ्या गावासमोर शब्द देतो. भिंत पाडतो. कबुतरखान्यासकट! तुझ्या गच्चीवरून पुन्हा देऊळ दिसेल. पोरांना परत बोलाव, खोल्या चालव, खा सुखानं."

माझा हात कापडावर तसाच राहिला.

खरं सांगतो, विचार आला मनात. आला म्हणजे काय, ठाण मांडून बसला! मंडपात दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडत नाही. आणखी थोडा वेळ मेलेला राहिलो असतो, तर कुणीतरी पहार आणली असती. आतून सबरीनचं रडणं ऐकू येत होतं. मी उभा राहिलो. तरीही उभा राहिलो.

"अहो, तुमची बायको रडतेय!" इंजी मॅडम ओरडल्या. "जा ना आत!" आणि त्यांनी मला पाठीत असा धक्का दिला की मी कापड, दोरी आणि दोन खुर्च्यांसकट मंडपाच्या मधोमध जाऊन आपटलो.

मग जे झालं ते विचारू नका! अर्धा मंडप रस्त्यावर पळाला. खलफ कर्ण्याखाली लपला. हाजी मख्लूफ, आमच्या गावातले सर्वांत वयस्कर, जागचे हलले नाहीत. त्यांनी माझ्या गालाला बोट लावून पाहिलं.

"ऊन आहे," ते म्हणाले.

रश्वाननं मला उचललं आणि असं घट्ट धरलं की आता खरंच जीव जातो असं वाटलं. "किनू! किनू रे!" लहानपणचं नाव! मी पण रडलो. इतकी वर्षं कुठं होतं हे सगळं? सबरीन धावत आली.

"कधी आलात?" ती हुंदके देत म्हणाली.

"हा काय, आत्ताच!"

"बराच वेळ झाला," इंजी मॅडम म्हणाल्या. प्रामाणिक बाई!

रश्वानचे हात सैल पडले. त्यानं मला पाहिलं, मंडपाला पाहिलं, कॉफीच्या पातेल्याला पाहिलं.

"म्हणजे सगळं ऐकत उभा होतास? मंडप कुणी घालायला सांगितला?"

"यांनीच!" खलफ कर्ण्याखालून ओरडला. "साखर नको, माळा नको, सगळं यांनीच!"

"भिंत पाडून घ्यायला मेलास होय रे?" रश्वानचा आवाज फाटला. "माझ्याकडून रडून घेतलंस! गावासमोर!"

"दादा, आईशपथ, मॅडमना साखर चालत नाही म्हणून..."

"गप्प बस! मेला होतास तेव्हाच बरा होतास!"

खरंच तसं होतं. मेलेल्या भावाला त्यानं मनापासून माफ केलं होतं. जिवंत मी त्याला झेपत नव्हतो. पण मीही किनावी! म्हटलं, "ठीक आहे. पण शब्द दिलायस तू. सगळे साक्षीला आहेत!"

"तो मेलेल्यासाठी होता!"

सगळे हाजी मख्लूफकडे वळले. हाजींनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला, पेला उपडा घातला.

"मंडपातला शब्द मोडत नाही," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "रश्वान, तू भिंत पाडशील."

"पण हाजी..."

"पण शब्द किनावीला दिलेला नाही. मी नीट ऐकलंय. शब्द किनावीच्या विधवेला दिलाय. सबरीन विधवा झाली की त्याच दिवशी भिंत पडेल. त्याआधी एक वीटही नाही."

न्याय झाला! लोकांनी माना डोलावल्या, "उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो" असं या वेळी मलाच म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. रश्वान माझ्याकडे न बघता गेला, अनवाणीच.

इंजी मॅडम गच्चीवर जाऊन आल्या. कबुतरं बघून आल्या.

"तुमच्या या देवळातला देव, त्याला सख्ख्या भावानंच मारलं होतं ना?"

"हो मॅडम. नंतर त्याची बायको त्याला जिवंत करते."

"फारच जुनी रीत दिसतेय," त्या म्हणाल्या आणि बॅग उचलली. "मी लक्सरला जाते. भिंत पडली की कळवा."

आमची पोरं मात्र आली. कुणीतरी हुरघाड्याला फोन केला होता, वाटभर रडत आली बिचारी. मला बघून आणखी रडली, मग भांडली, मग ते बदक खाल्लं, आणि रंगवलेल्या खोलीत, नव्या गादीवर झोपली. सकाळी उठून दोघांनी सवयीनं चादरी बदलल्या आणि कामावर परत गेली. माझ्या घरी आजवर मुक्काम केलेले पाहुणे एवढेच.

रश्वान अजून बोलत नाही. पण रोज सकाळी कबुतरांच्या आडून हळूच डोकावतो. मी अंगणात दिसलो की पटकन मान फिरवतो. एकदा तापानं दोन दिवस आत पडून होतो, तर भिंतीपलीकडून खाकरून खाकरून त्याचा घसा बसला.

आणि इंजी मॅडम दर हंगामाला न चुकता फोन करतात. सबरीनच घेते. मला चुलीजवळ सगळं ऐकू येतं. आधी पोरांची चौकशी होते, हवापाण्याचं होतं, मग मॅडम ते विचारतात. सबरीन वळून मला वरपासून खालपर्यंत बघते, अगदी सावकाश, आणि सुस्कारा सोडते.

"नाही हो मॅडम," ती म्हणते. "अजून ठणठणीत आहेत."