धोंडिबाचा श्रावण

श्रावण लागला की विमलाबाई म्हात्रे यांच्या घरात मासे बंद, मटण बंद, अंडं तर उंबऱ्याच्या आतही येत नाही. या नियमातून मुलगा सर्वेश सुटला नाही, सून कल्पिता सुटली नाही, मग धोंडिबा तरी कसा सुटणार? धोंडिबा हा त्यांचा म्हातारा लॅब्रेडोर. एकदा बसला की धोंड्यासारखा हलत नाही, म्हणून धोंडिबा.

"अहो आई, कुत्रा आहे तो. त्याला काय समजतं श्रावण?" कल्पिताने विचारून पाहिलं.

"त्याला नाय समजत, पन देवाला समजतं ना," विमलाबाई म्हणाल्या. "घरातला हाय तो. घरातल्याला येगला नियम नाय."

धोंडिबाने दूधभात हुंगला, एक सुस्कारा सोडला आणि सोफ्याखाली जाऊन रुसून बसला. त्याचं ते तोंड कल्पिताला बघवेना. तिने शेंगदाणे भाजले, तेल सुटेपर्यंत मिक्सरमध्ये फिरवले आणि घरीच पीनट बटर केलं. डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून मीठ नाही, साखर नाही. गव्हाने धोंडिबाला खाज सुटते म्हणून राजगिऱ्याचं पीठ, आणि गोडीला उकडलेलं रताळं. बिस्किटांचा साचा हाडाच्या आकाराचा मागवला, कारण निदान आकारात तरी मटणाची आठवण राहावी. धोंडिबा खूश झाला. सर्वेशने त्याच बिस्किटांच्या जोरावर त्याला दोन्ही पंजे जोडून नमस्कार करायलाही शिकवलं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात पहिला सोमवार आला.

त्या दिवशी सोसायटीचे चेअरमन साईनाथ टिपणीस महादेवाच्या अभिषेकाला निघाले होते. हातात दुधाचा तांब्या, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. लिफ्टमध्ये धोंडिबा होता. दोन मजले त्याने संयम पाळला. तिसऱ्या मजल्यावर तांब्या त्याच्या तोंडापाशी आला आणि महादेवाच्या आधी धोंडिबाचा अभिषेक उरकला. उरलेलं दूध सदऱ्यावर गेलं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये कागद लागला. पाळीव प्राण्यांना लिफ्ट वापरण्यास सक्त मनाई.

म्हात्रे पाचव्या मजल्यावर राहतात. धोंडिबाचे गुडघे दुखतात, जिना त्याला चढवत नाही. सर्वेश त्याला लग्नातल्या नवरीसारखा दोन्ही हातांवर उचलून वर आणू लागला. आठवडा संपेपर्यंत सर्वेशचेही गुडघे दुखायला लागले.

"असं नाही चालणार यार," तो जिन्यात बसकण मारून म्हणाला. "नाहीतर याला विठ्ठलवाडीला मामाकडे ठेवू. तळमजला आहे."

धोंडिबाने त्याच्या मांडीवर डोकं टेकवलं. कल्पिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मामाकडे बिमाकडे काही नाही. मी टिपणीसकाकांना घरी बोलावते. माफी मागू, खायला घालू, पाया पडू. लिफ्ट मिळालीच पाहिजे."

काकांना पुढच्या सोमवारी रात्री, उपास सुटल्यानंतरची वेळ दिली. कल्पिताने घरून काम घेतलं आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून काकांसाठी खास पीनट बटर कुकीज केल्या. भरपूर लोणी, भरपूर साखर, वर अख्खे दाणे.

टिपणीस पाचलाच हजर झाले. "रात्री कीर्तन आहे, म्हटलं आत्ताच आटपून टाकू."

धोंडिबाला घाईघाईने बेडरूममध्ये कोंडलं. कल्पिताने कुकीजची बशी पुढे केली.

"यात काय आहे?"

"पीनट बटर, काका. आणि मैदा."

टिपणिसांनी विस्तवावरून काढावा तसा हात मागे घेतला. "सोमवार आहे माझा. सूर्यास्ताशिवाय सोडत नाही."

घरात साबुदाणा होता, पण कोरडा. केळी सकाळीच विमलाबाईंनी उपासाला संपवली होती. सकाळपासून उपाशी असलेला चेअरमन समोर बसलाय आणि त्याला द्यायला घरात काही नाही, या विचाराने कल्पिताला घाम फुटला. तेवढ्यात टिपणिसांची नजर टीव्हीशेजारच्या काचेच्या बरणीवर गेली.

"अरे वा, डमरू!"

बरणीत धोंडिबाची बिस्किटं होती. दोन्ही टोकांना फुगीर, मधे निमुळतं. हाड म्हणून बघितलं तर हाड, आणि श्रावणी सोमवारी उपाशीपोटी बघितलं तर डमरूच.

"हे कशाचे केलेत?"

"दाणे, राजगिरा आणि रताळं," कल्पिताच्या तोंडून खरं तेच निघालं.

"मीठ?"

"नाही."

"साखर?"

"नाही, पण काका, ते खरं तर..."

"म्हणजे माझ्या शुगरलाही चालेल! काय योग आहे बघा."

सर्वेश आईच्या आड उभ्या असलेल्या बायकोला डोळ्यांनी काहीतरी सांगत होता. काय, ते त्यालाही ठाऊक नसावं. विमलाबाई मात्र सरळ उठल्या, बरणी उघडली आणि पुढे धरली. "घ्या भाऊ. घरचं हाय, सोवल्यातलं हाय. मी सोता खाल्लंय."

बरणीच्या झाकणाचा आवाज धोंडिबाने ओळखला. बेडरूमच्या दारावर नखं वाजली, आणि मग असा करुण सूर लागला की चौथ्या मजल्यावरचं बाळही रडायला लागलं.

"त्याला काय झालं?" टिपणिसांनी दुसरं बिस्किट उचलत विचारलं.

"पश्चात्ताप झालाय त्याला," सर्वेश म्हणाला. "तुमचा आवाज ऐकला ना."

टिपणीस विरघळले. तिसरं खाऊन झाल्यावर त्यांनी चार-पाच डमरू रुमालात बांधून खिशात टाकले. "पुढच्या सोमवारी आपल्या हॉलमध्ये सामुदायिक अभिषेक आहे. प्रसादाला हेच करा. अख्ख्या बिल्डिंगला पुरतील एवढे."

कल्पिता बरणीत किती उरलेत ते बघू लागली. तोच बेडरूमची कडी निसटली. धोंडिबा तीरासारखा बाहेर आला, टिपणिसांच्या खिशासमोर बसला आणि दोन्ही पंजे जोडले.

"माफी मागतोय बिचारा!" टिपणिसांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "चल बाबा, लिफ्टने खाली सोड मला."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमधला कागद गेला.

आता आनंदी आनंद व्हायला हवा होता. पण कल्पिताला झोप लागेना. प्रसादासाठी तिने आंघोळ करून नवं पीठ मळलं, नवा गोल साचा आणला, सगळं नव्याने केलं, तरी मन खातच राहिलं. टिपणिसांचं ते 'माफी मागतोय बिचारा' तिच्या कानांतून जाईना. सोमवारी परात घेऊन ती हॉलच्या दारात पोचली, काकांना बाजूला घेतलं आणि डोळे मिटून सांगून टाकलं. "काका, ते डमरू नव्हते. हाडं होती. धोंडिबाची बिस्किटं. लिफ्ट परत घेतलीत तरी चालेल, पण मला खोटं नाही जमत."

टिपणीस शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याने नमस्कार केला तेव्हापासून. तो मला नव्हता गं, खिशाला होता. मी आयुष्यभर बँकेत कर्जं मंजूर केली. लोक माझ्याकडे असेच हात जोडून यायचे. ती नजर मी झोपेतही ओळखतो."

"मग तुम्ही लिफ्ट का दिलीत?"

टिपणिसांनी मागे वळून पाहिलं. टिपणीसकाकू लांब फुलं निवडत होत्या. काकांनी आवाज खाली आणला. "आमच्याकडे शुगर म्हणून साबुदाणा बंद, बटाटा बंद, लाडू बंद. सोमवारी मला नुसती काकडी मिळते. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी माझा उपास पोटभर झाला." मग परातीकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "पण हे गोल का केलेस?"

"प्रसादाचे वेगळे केले, काका. गूळ घालून."

"म्हणजे मला चालणार नाहीत. ते जुने आहेत ना?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी धोंडिबा ऐटीत लिफ्टने फिरायला जातो. सोमवारी मात्र टिपणीस आधीच लिफ्टमध्ये उभे असतात. दार बंद झालं की धोंडिबा दोन्ही पंजे जोडतो. टिपणीस सर्वेशसमोर हात पुढे करतात, बिस्किट घेतात, त्याचे दोन तुकडे करतात आणि नीट बघून लहान तुकडा धोंडिबाला देतात.