वाचलेले फेरे

आमच्या जीपला ओव्हरड्राइव्ह बसवल्यापासून इंजिनचे जे फेरे वाचतात, ते आमच्या फ्लॅटमध्ये येऊन पडतात. आरसी बुकवर हाच पत्ता आहे, त्यामुळे दुसरीकडे कुठे जाणार म्हणा.

नीट पहिल्यापासून सांगते, कारण लोक अर्धवट ऐकतात आणि मग मलाच सल्ले देतात. माझी जीप जुनी आहे, वयाने माझ्या पप्पांपेक्षा मोठी. डोंगरात म्हणाल तिथे चढते. पण हायवेला साठच्या वर गेली की अशी किंचाळते की शेजारचे ट्रकवाले डोकं बाहेर काढून बघतात. पप्पा एकदाच माझ्यासोबत धुळ्याला आत्याकडे आले. परत आल्यावर दोन दिवस त्यांना सगळेजण विहिरीतून बोलताहेत असं ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उर्वी, हिचं किंचाळणं बंद कर. नाहीतर मी गिऱ्हाईक बघतो."

पप्पा गिऱ्हाईक बघतो म्हणाले की बघतात. माझी सायकल अशीच गेली, मी शाळेत असताना.

म्हणून ओव्हरड्राइव्ह. शरणपूरच्या गॅरेजवाल्या ऑगस्टीन अंकलनी गिअरबॉक्सच्या मागे भोपळ्याएवढा एक लोखंडी डबा बसवून दिला. त्याचा वेगळा छोटा दांडा माझ्या सीटशेजारी येतो. सपाटी लागली, स्पीड आला, की क्लच दाबून दांडा ओढायचा. गाडी पळते तेवढीच, पण इंजिन कमी फिरतं. जिथे चार फेरे मारायला लागायचे तिथे तीन. पहिल्याच दिवशी मी हायवेने घोटीपर्यंत गेले आणि मला चक्क गाडीतलं गाणं ऐकू आलं! मी तिथूनच अंकलना फोन करून रडले.

घरी आले तर आई किचनच्या दारात उभी. आत मिक्सर फिरत होता. प्लग काढून ओट्यावर ठेवलेला.

"उर्वे," आई म्हणाली, "हे तुझं आहे का?"

अंकलना परत फोन लावला. ते जेवत होते.

"मग चौथा फेरा जाणार कुठे?" ते म्हणाले. "वाचला म्हणजे आहेच ना तो. घरी येतो."

"अंकल, हे आधी सांगायचं ना!"

"सगळ्यांना माहीत असतं गं हे."

तर असं. मी जीप घेऊन गेले की फेरे यायचे आणि घरात जे जे फिरण्यासारखं असेल ते फिरायचं. पप्पा त्यांच्या फिरत्या खुर्चीत पेपर वाचायला बसायचे आणि हळूहळू गोल जायचे. उठायला तयार नाहीत. "माझी खुर्ची आहे, मी का उठू?" मग आईला काही सांगायचं असलं की तोंड तिच्याकडे येईपर्यंत थांबायचे. त्यात इंजिन फिरतं एकाच बाजूला, त्यामुळे फेरेही सगळे उजव्या हाताचे. घरातल्या यच्चयावत बरण्यांची झाकणं करकचून बसली. अंघोळ करताना मध्येच नळ बंद व्हायचा. कैरीचं लोणचं आम्ही बाहेरूनच बघतो.

हे डक्टमधून वरच्या मजल्यांवर जायला लागलं, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी खैरनार काका आले. काका रिटायर झालेत पण ते त्यांना कोणी कळवलेलं नाही. बसायला सांगितलं तर फिरत्या खुर्चीकडे बघून उभेच राहिले.

"राहत्या सदनिकेत फेऱ्यांची साठवणूक करता येत नाही," ते म्हणाले.

"काका, मी साठवत नाहीये. ते येताहेत."

"येऊ देणं म्हणजेच साठवणं. गॅसच्या टाकीला जो नियम तोच याला. नोटीस काढावी लागेल."

"काढा," पप्पा म्हणाले. ते तेव्हा भिंतीकडे तोंड करून होते.

नोटीस लिफ्टमध्ये लागली, आणि त्याच आठवड्यात खाली उतरली. कारण एप्रिल होता. आमच्याकडे एप्रिलमध्ये सगळ्या बिल्डिंगचं वाळवण गच्चीवर असतं, आणि शेवयांचं मशीन खाटेला आवळून दुपारभर हँडल फिरवत बसायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आईने ते मशीन आमच्या ओट्याला लावलं. मी घोटीहून येईपर्यंत तिच्या सगळ्या शेवया काठीवर वाळत होत्या आणि ती आडवी पडून सिरीयल बघत होती. मागच्या वर्षी याच दिवसांत तिच्या खांद्याला शेक द्यायला लागायचा.

हे पहिल्यांदा खैरनार काकूंनी बघितलं. संध्याकाळपर्यंत नोटीस नव्हती.

मग माझं जगणं संपलं. "उर्वी, उद्या जाणारेस ना? माझा रवा भिजलाय." "उर्वी बेटा, आमच्या चटण्या राहिल्यात, जरा लांब जा यावेळी." "अगं परवा तू कुठे थांबली होतीस? आमचं मशीन मध्येच थांबलं." मी चहा प्यायला थांबले होते! मी घरून काम करते, म्हणजे करायचे. आता ऑफिसच्या मीटिंगा घोटीच्या एका ढाब्यामागे जीपमध्ये बसून व्हायच्या. बॉसला वाटायचं मी फिरायला आलेय. डोंगरात तर महिनाभर चाक नाही गेलं, कारण चढावर ओव्हरड्राइव्ह लावायचा नसतो, आणि नाही लावला तर फेरे वाचत नाहीत, आणि नाही वाचले तर दुसऱ्या मजल्यावरच्या दाभाडे मावशी माझ्याशी बोलत नाहीत.

आणि त्यात पप्पा.

"तेलाचं तू बघू नको," पप्पा म्हणाले. "तुम्ही पोरं नुसतं चालवता. मी बघतो." मी म्हटलं, पप्पा, ओव्हरड्राइव्हचं तेल वेगळं असतं, त्याच्या बाजूला एक बोल्ट आहे, तो काढून बोट घालून बघायचं. "मला शिकवू नको." मग ते दर आठवड्याला चटई टाकून जीपखाली जायचे, गिअरबॉक्सचा बोल्ट काढायचे, बोट घालायचे, आणि बाहेर येऊन सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं म्हणायचे, "भरलेलंय!"

गिअरबॉक्स भरलेला होता. ओव्हरड्राइव्ह कोरडा पडत चालला होता, आणि कोरड्या डब्यातून येणारे फेरे खरखरीत येतात. ते पोचले नेमके खैरनार काकूंच्या रव्यात. त्यांच्या रसिकाला सातवा महिना होता, नागपूरला सासरी शेवया पाठवायच्या होत्या. काकूंनी मशीन लावलं आणि त्यातून नुसता भुगा पडला. करडा, जळक्या लोखंडाचा वास येणारा. काकू तो ताटात घेऊन आमच्या दारात आल्या. ताट माझ्या हातात दिलं आणि परत गेल्या.

रविवारी पार्किंगमध्ये तातडीची सभा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये माझी जीप. काकांनी ठराव वाचला: सदर ओव्हरड्राइव्ह येत्या आठवड्यात काढून टाकण्यात यावा.

"काका, तेल घातलंय आता मी. परत नाही होणार."

"तेलाचा प्रश्न नाही. विश्वासाचा आहे."

"तेल भरलेलंच होतं," पप्पा म्हणाले.

"पप्पा!"

"मी स्वतः बोट घालून बघितलंय. आणि हे बघ, डबा काढायचा ठरलं तर मी गाडीचं गिऱ्हाईक बघतो. ते किंचाळणं मला परत ऐकायचं नाही."

मला इतका राग आला की डोळ्यातून पाणीच आलं. म्हणजे तेल यांनी बघायचं, भुगा काकूंचा व्हायचा आणि जीप माझी जायची. मी सगळ्यांकडे बघितलं. ज्यांच्यासाठी मी महिनाभर ढाब्यामागे काढला, ते सगळे मोबाइलमध्ये. दाभाडे मावशींनी तर हातही वर केला होता, मतदान सुरू व्हायच्या आधीच.

"ठीक आहे," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता अंकलना विचारते कधी काढताय." आणि फोन स्पीकरवर टाकला.

"काढतो की," ऑगस्टीन अंकल म्हणाले. "बुधवारी आण. पण फेरे भरून आण."

"कसले फेरे?"

"अगं वाचलेले. डबा निघाला की इंजिन आपले फेरे परत मागणार ना. न भरता काढला तर ते हलतसुद्धा नाही. घरात शिल्लक असतील ते चालतील. वापरून टाकले असतील तर ज्यांनी वापरले त्यांनी पुढून हँडल घालून फिरवून द्यायचे. हातानेच."

"हे आधी सांगायचं ना, अंकल!"

"सगळ्यांना माहीत असतं गं."

फोन बंद झाला.

"आम्ही नुसत्या चटण्याच केल्या हं," कोणीतरी म्हणालं.

"आणि इडलीचं पीठ कोणी केलं? लग्नाची ऑर्डर घेतली होतीत तुम्ही."

"ते आमच्या मिक्सरवर. लाइटवर."

"लाइट कुठे होती त्या दिवशी?"

दाभाडे मावशींचा हात खाली आला. खैरनार काकांनी ठराव घडी करून खिशात ठेवला, दुसरा कागद काढला आणि उभ्या उभ्या लिहिलं: सदर ओव्हरड्राइव्ह कायमस्वरूपी ठेवण्यात यावा, जीपचं पार्किंग अबाधित राहावं, आणि तेल तपासणीसाठी एक जबाबदार सदस्य नेमावा. सगळे हात वर. जबाबदार सदस्य म्हणून पप्पांचं नाव पप्पांनीच सुचवलं. बिनविरोध.

जीप राहिली. मी आनंदाने ओरडायला हवं होतं, पण मी पप्पांकडे बघत होते आणि ते चटई आणायला वर गेले होते.

तेल आता मीच बघते. पप्पांनी बघून झालं की.

खैरनार काका मात्र तत्त्वाचे. ठराव झाला असला तरी कमिटीच्या माणसाने बाकी ठेवू नये, असं त्यांचं मत. रोज संध्याकाळी ते बनियनवर खाली येतात, जीपच्या पुढच्या भोकात हँडल घालतात आणि आपल्या घरचे फेरे परत करतात. मी आत बसते, गाडी न्यूट्रलला, चावी बंद.

"उजवीकडेच फिरवतोय ना मी?"

"हो काका."

"मोजतेयस ना?"

"हो काका."

काल ते असेच घामाघूम होऊन फिरवत होते, तेवढ्यात काकू पदराला हात पुसत खाली आल्या. काकांना पाण्याची बाटली दिली आणि खिडकीशी आल्या.

"उर्वी, रसिकाचा रवा परत भिजवलाय बाई. यांचं झालं की घोटीला जाऊन येशील?"

काकांनी हँडल काढलं आणि बाजूला झाले. मी चावी फिरवली. हायवेला सपाटी लागली तेव्हा क्लच दाबून दांडा ओढला.