'घे' कुणी म्हणालंच नाही

मुलांनो, एका जंगलात, म्हणजे जिथे झाडं अजून थोडीफार होती आणि समित्या मात्र भरपूर होत्या अशा एका जंगलात, एक म्हातारा सिंह राज्य करत होता. त्याचे दात हलायला लागले होते. वैद्याने सांगितलं, "महाराज, आता मांस बंद. सकाळ-संध्याकाळ शेळीचं दूध घ्या." महाराज दोन दिवस गुरगुरले आणि तिसऱ्या दिवसापासून दूध प्यायला लागले. हसू नका. तुमचेही दात कधीतरी पडणार आहेत.

मग राजवाड्याजवळ एकोणीस शेळ्यांचं वाडगं उभं राहिलं. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण, एक लाकडी फाटक आणि फाटकाला बाहेरून एक कडी. राखणीला एकच कुत्रा होता. त्याचं नाव खेमा.

खेमा दिसायला काही खास नव्हता. रंग मातीचा, एक कान उभा, एक पडलेला. जंगलात येण्याआधी तो एका धनगराच्या कळपात वाढला होता आणि तिथली एक सवय त्याच्या अंगात मुरली होती. धनगर जेवायला बसला की भाकरीचा चतकोर त्याच्यापुढे ठेवायचा. पण "घे" म्हटल्याशिवाय खेमा त्याला तोंड लावायचा नाही. लाळ गळायची, शेपूट जमीन झाडायची, तोंड मात्र मिटलेलं. वाडग्यावरही तेच चालू राहिलं. मुदपाकखान्यातून त्याच्यासाठी रोज एक भाकरी यायची. शेळ्यांमधली सगळ्यात जुनी गोदाक्का फाटकातून मुंडी बाहेर काढून म्हणायची, "घे रं, खेमा." मग तो जेवायचा.

सात पावसाळे गेले. वाडग्यातली एकही शेळी कमी झाली नाही. समोरच्या ओघळीत एक लांडगा ही सातही वर्षं आशेवर बसून होता. बसून बसून त्याला गुडघेदुखी लागली.

आता मला सांगा, सगळं सुरळीत चाललं असलं की पुढे काय होतं? बरोबर. सुधारणा होते.

नदीपलीकडच्या एका बंगल्यात सहा महिने राहून मनी नावाची मांजर जंगलात परतली. त्या बंगल्यातल्या कुत्र्याची बुद्धी वाढावी म्हणून मालकीणबाई त्याचा खाऊ डब्यांत आणि खेळण्यांत लपवून ठेवायच्या. हे सगळं मनीने सोफ्यावर पडल्यापडल्या पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर ती श्वानबुद्धितज्ज्ञ झाली. "मांजरीला कुत्र्यातलं काय कळतं?" असं एका माकडाने विचारून पाहिलं. त्यावर दरबारातून उत्तर आलं, की कुत्र्यांविषयी मांजरीइतकं निःपक्षपाती दुसरं कोण असणार? माकड गप्प बसलं, कारण त्याला पुढच्या समितीत जागा हवी होती.

"महाराज," मनी म्हणाली, "आपल्या दुधाची राखण करणाऱ्या कुत्र्याची बुद्धी आजवर कुणी मोजलेलीच नाही."

महाराज दचकले. सात वर्षांत हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. "मोजा," ते म्हणाले आणि झोपले.

परीक्षेला उमेदवार दोन. एक खेमा. दुसरा बिट्टू, म्हणजे बंगल्यातला तोच कुत्रा. मनीने त्याला सोबतच आणलं होतं. गुण लिहायला आणि वेळ मोजायला कावळा होता. जो पहिला येईल त्याला वाडग्याची राखण मिळणार होती.

पहिल्या फेरीत तीन करवंट्या पालथ्या घातल्या होत्या आणि एकीखाली भाकरीचा तुकडा होता. बिट्टूने तिन्ही करवंट्या उडवल्या, तुकडा गिळला आणि चौथी करवंटी कुठे दिसते का ते बघायला लागला. "नऊ मोजेपर्यंत!" कावळा ओरडला.

खेमाला पहिल्याच पावलाला वास आला. तो सरळ मधल्या करवंटीपाशी गेला, तिच्यापुढे बसला आणि मनीकडे बघायला लागला. मनी त्याच्याकडे बघायला लागली. दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिली. कावळ्याने शंभरापर्यंत मोजलं आणि तो थांबला, कारण पुढचे आकडे त्याला येत नव्हते. मनीने कागदावर लिहिलं: 'परीक्षकाकडे बघतो. परावलंबी.'

दुसऱ्या फेरीत लाकडी पेटी होती. तिला कडी, आणि आत खाऊ. बिट्टूने नाकाने कडी उडवली. खेमाने कडीवर पंजा ठेवला आणि पुन्हा मान वर करून मनीकडे पाहिलं. मनीने लिहिलं: 'कडी समजत नाही.'

तिसऱ्या फेरीत एक सुकलेला भोपळा होता. त्याला भोक पाडलेलं. भोपळा गडगडला की भोकातून तुकडे पडायचे. बिट्टूने तो असा काही गडगडवला की टाळ्या पडल्या. खेमाचा भोपळा उतारावरून निघाला तेव्हा त्याने तो पुढे जाऊन अडवला, पडलेले तुकडे नाकाने एका जागी गोळा केले आणि त्यांच्याकडे पाठ करून राखणीला बसला. कावळा तिरका तिरका पुढे सरकला, त्याला त्याने हाकललं. उरलेला खाऊ परीक्षकाचा, असा मनीने आधीच नियम करून ठेवला होता. ती पुढे झाली, तर खेमा तिच्यावरही गुरगुरला.

तिसऱ्या रकान्यात काय लिहिलं गेलं ते मी सांगत नाही. लहान मुलांनी वाचण्यासारखं नव्हतं.

निकाल लागला. बिट्टू अतिकुशाग्र. खेमा मठ्ठ, आणि प्रशिक्षणास पाठवण्यायोग्य.

जाण्याआधी खेमा फाटकापाशी आला. गोदाक्काचा राग मावत नव्हता.

"मुडद्या, तुला त्यो तुकडा दिसला न्हाई व्हय?"

"दिसला की, आक्का."

"मग?"

"घे कुणी म्हनलंच न्हाई."

"अरं, मग तिला सांगायचंस की तसं!"

"सांगितलं आसतं. पर तिनं इचारलं न्हाई."

गोदाक्का आपल्या नातीकडे, बकुळी नावाच्या करडाकडे वळून म्हणाली, "बघून ठेव गं ह्याला. दिसभर दूधदुभत्यात बसणारं कुत्रं. नाक दावील त्ये उचलत गेलं आसतं, तर आपून एकोणीस ऱ्हायलो आसतो का?" बकुळीला एकोणीसपर्यंत मोजता येत नव्हतं, पण तिने मान हलवली.

प्रशिक्षण समोरच्या करंजाखाली होतं. प्रशिक्षण म्हणजे काय, तर खेमाची रोजची भाकरी आता त्या भोपळ्यात घालून त्याच्यापुढे ठेवली जायची. बुद्धी चालव आणि जेव. खेमा भोपळ्यापुढे बसायचा. आत भाकरी आहे हे त्याला ठाऊक होतं, भोक कुठे आहे तेही ठाऊक होतं. पण 'घे' म्हणायला तिथे कुणी नव्हतं. संध्याकाळी मनी यायची, भोपळ्यातली भाकरी काढायची आणि दुधात कुस्करून खायची.

पहिल्याच दिवशी गोदाक्का फाटकातून ओरडली, "घे रं, खेमा! घे!"

खेमा उठलाही. पण मनी तिथेच होती. "कॉपी!" ती किंचाळली. "बाहेरून उत्तर सांगणं चालणार नाही!"

"अवं बाई, उत्तर कसलं? जेव म्हनलं त्याला."

"सूचनेवरून केलं की त्याला बुद्धी म्हणत नाहीत, आज्ञाधारकपणा म्हणतात. पुन्हा ओरडलीस तर चाऱ्याची पेंढी बंद. सगळ्यांची."

खेमाने गोदाक्काकडे पाहून मान हलवली, की आक्का, गप ऱ्हा. आणि तो परत खाली बसला. त्याच्यासाठी करडांनी उपाशी राहावं हे त्याला पटलं नसतं. अशा रीतीने तीन दिवस गेले. तीन दिवस खेमाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि बरगड्या तर कावळ्यालासुद्धा मोजता आल्या असत्या.

इकडे बिट्टू वाडग्यावर होता आणि त्याला कंटाळा आला होता. इथे करवंट्या नाहीत, भोपळा नाही. नुसतं बसायचं. चौथ्या दिवशी भर दुपारी त्याचं लक्ष फाटकाकडे गेलं. लाकडी फाटक. त्याला कडी. आत काहीतरी हलतंय, वासही येतोय.

बिट्टूचे डोळे चमकले. अरेच्चा! म्हणजे ही तर चौथी फेरी!

त्याने नाकाने कडी उडवली. फांदीवर डुलक्या घेणाऱ्या कावळ्याने सवयीने मोजलं. सात.

फाटक उघडलं आणि एकोणीस शेळ्या आणि त्यांची करडं धडाधड बाहेर पडली. बिट्टूने त्यांना शहाण्यासारखी वाट करून दिली. मग तो रिकाम्या वाडग्यात शिरला आणि गवतात नाक घालून खाऊ शोधायला लागला. शोधण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

ओघळीत लांडगा उभा राहिला. गुडघे कडकड वाजले. सात वर्षांनी देव पावला होता, आणि देवाने बकुळीला सरळ त्याच्याच दिशेने पाठवलं होतं.

करंजाखाली खेमा उठला. भोपळा सोडवल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा त्याला हुकूम होता. आणि "जा" असं त्याला कुणीही म्हणालं नाही. पण मुलांनो, हे लक्षात ठेवा, कारण हे परीक्षेत येणार नाही. खायला खेमाला परवानगी लागायची. राखायला कधीच लागली नाही.

तीन दिवसांचा उपाशी कुत्रा किती धावेल? खेमा धावला. तो बकुळी आणि लांडग्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याचा उभा कान फाटला. लांडग्याचं काय फाटलं ते ओघळीतल्या काट्यांना माहीत. तो पुन्हा त्या बाजूला दिसला नाही. मग खेमाने एका बाजूने भुंकत, दुसऱ्या बाजूने वळत शेळ्या फाटकाकडे आणल्या. गोदाक्का पुढे, बकुळी तिच्या पायांत. बिट्टूला बाहेर ढकललं, पाठीने फाटक लोटलं आणि दातांनी कडी लावली.

"चार," कावळा म्हणाला. आणि मग जरा खजील झाला, कारण कडी लावण्याचा रकानाच कागदावर नव्हता.

संध्याकाळी चौकशी बसली. मनीने अहवाल वाचला. "महाराज, बिट्टूने खरीखुरी कडी, कुणाच्याही मदतीशिवाय, कुणाकडेही न बघता, पहिल्याच प्रयत्नात सात मोजेपर्यंत काढली. इतका चांगला निकाल मी बंगल्यातसुद्धा पाहिला नव्हता. खेमाने प्रशिक्षण अर्ध्यात सोडलं. भोपळा अजून तसाच आहे."

"दूध आलं ना?" महाराजांनी विचारलं.

"आलं, महाराज."

"मग परीक्षा यशस्वी," महाराज म्हणाले आणि वाटी चाटायला लागले.

बिट्टूला राज्यातल्या सगळ्या वाडग्यांचा मुख्य राखणदार करण्यात आलं. त्याचं मन रमावं म्हणून प्रत्येक फाटकाला आणखी अवघड कड्या बसवायचं ठरलं. आता त्याने उघडलेली फाटकं लावणार कोण? त्यासाठी एक नवी जागा काढली. जागेचं नाव 'कडीलाव्या, हंगामी'. ती खेमाला मिळाली. श्रेणी तीच राहिली, मठ्ठ. भाकरीही भोपळ्यातच.

तर खेमा आपल्या जुन्या वाडग्यावर नवीन नोकर म्हणून रुजू झाला. भोपळा सोबत आणला होता. तो त्याने फाटकापुढे ठेवला आणि कान चाटता येत नाही म्हणून नुसताच बसला.

गोदाक्काने फाटकाखालून पाय बाहेर काढला. एकच खूर हाणला. भोपळ्याचे दोन तुकडे झाले आणि आतली भाकरी मातीत पडली.

"करू दे आता तिला चारा बंद," गोदाक्का म्हणाली. "घे रं, लेकरा."

आणि खेमाने घेतली.

तात्पर्य : ज्याला कडी काढता येते तो हुशार, आणि येत असून जो काढत नाही तो मठ्ठ. म्हणून मुलांनो, दिसेल ती कडी बिनधास्त काढत चला. मागे लावायला कुणी ना कुणी मठ्ठ असतोच. त्याला जेवायला सांगायचं मात्र आठवणीने विसरा.