ग्रीसमध्ये चार किलो

मस्कतहून आजवर मी अठ्ठावीस वेळा भारतात गेलो आणि एकदाही स्वतःचं सामान नेलं नाही. बॅग माझी, सामान लोकांचं! तुमचं तिकीट निघाल्याचा सुगावा लागला की अल् घुब्रा या आमच्या वस्तीतले शेजारी दारात हजर. कुणाचे खजूर, कुणाची औषधं, कुणाच्या सासूचा मिक्सर. "जरा एवढं न्याल का?" यातलं 'जरा' कधी दोन किलोंच्या खाली उतरत नाही.

म्हणून लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी बायकोला, ज्ञानदाला म्हटलं, "ग्रीसला जाऊ! तिथे आपल्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. दोन बॅगा, प्रत्येकी सात किलो, आणि कुणाचंही पार्सल नाही!"

ज्ञानदाला ग्रीसमधली एकच गोष्ट हवी होती. सँटोरिनी बेटावरचा सूर्यास्त. एका जुन्या कॅलेंडरवर तो छापलेला होता. ते पान तिने उलटूच दिलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं ऑक्टोबर चालू होता!

मी वर्तमानपत्रात उपसंपादक. बावीस वर्षांत माझं पान एकदाही उशिरा छापायला गेलेलं नाही. प्रवासाचं वेळापत्रक मी नऊ पानी केलं. त्यात चहाला अकरा मिनिटं होती.

निघायच्या आदल्या दिवशी बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या खैरुन्निसाआपा, मूळ दाभोळच्या. हातात चिकटपट्टीने ममीसारखा गुंडाळलेला खोका.

"भाऊ, ग्रीसला चाललात म्हणे?"

"आपा, ग्रीसमध्ये तुमचं कोण असणार!"

"असणार कोण म्हणजे? बहिणीचा रेहान! मालवाहू जहाजावर आहे. शनिवारी पिरियस बंदरात असतो. तुमच्या वाटेवरच आहे ना ते?"

होतं! सँटोरिनीची बोट पिरियसहूनच सुटत होती. शनिवार, सकाळी सात पंचवीस, पान तीन. मी नकार जुळवेपर्यंत ज्ञानदाने खोका घेतलासुद्धा. तिच्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर आमचा डबा आपांनीच दिला होता.

खोका काट्यावर ठेवला. चार किलो. माझे बूट, कोट आणि तीन शर्ट मुकाट्याने कपाटात परत गेले.

शनिवारी सात वाजता आम्ही पिरियसला बोटीसमोर उभे. रेहानचा फोन आला.

"काका, सॉरी! जहाज रात्रीच निघालं. वोलोसला चाललोय."

"ते कुठे आलं?"

"वर. बसने चार-पाच तास."

बोटीने भोंगा दिला. मी म्हटलं, "संपला विषय! खोका घेऊन बेटावर जाऊ. परतताना रेहान भेटला तर भेटला."

ज्ञानदाने बोटीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सूर्य रोज मावळतो. रेहान रोज वोलोसला नसतो. चला!"

वोलोसला पोचलो आणि जहाज दिसलं. समुद्रात! धक्क्यावर जागाच नव्हती.

"काका, जागा मिळाली की येतो. उद्या, इन्शाल्ला!"

ओमानमध्ये राहिलेल्या माणसाला या 'उद्या'ची लांबी ठाऊक असते. मी वेळापत्रकाची चार ते सात पानं फाडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं पान चुकलं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज खरंच धक्क्याला लागलं. बंदराच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं.

"खोक्यात काय आहे?"

"माहीत नाही."

"कुणी दिलं?"

"वरच्या मजल्यावरच्या बाईंनी."

"कुणासाठी?"

"त्यांच्या भाच्यासाठी."

"तो कसा दिसतो?"

"आम्ही त्याला कधी पाहिलेलं नाही."

पहारेकऱ्याने आणखी दोघांना हाक मारली. एकाने चिकटपट्टीवर सुरी चालवली. ती जरा जास्तच आत गेली आणि आपांच्या घरच्या मसाल्याची पिशवी फुटली! पहिला पहारेकरी अकरा वेळा शिंकला. मी मोजलं. दुसऱ्याची टोपी उडाली. तिसरा वायरलेसवर काही सांगायला गेला, तर पलीकडच्यांना फक्त शिंका ऐकू गेल्या आणि मदतीला जीप आली!

तेवढ्यात आतून तेलकट डांगरीतला एक तरुण धावत आला. "खालाचा मसाला! मला तिथवर वास आला!"

हाच रेहान. त्याने पहारेकऱ्यांना खोक्यातलाच ओमानी हलवा वाटून शांत केलं आणि जहाजावरून आमच्यासाठी डाळभात आणला, वर फोडणीत तोच मसाला. आम्ही फाटकाबाहेर दगडी कठड्यावर बसून जेवलो. डोंगरामागे सूर्य उतरला. क्रेन, दोरखंड, गंजकी जहाजं, सगळं शेंदरी झालं. ज्ञानदा बोटं चाटायची थांबली.

"आता नोव्हेंबर लावायला हरकत नाही," ती म्हणाली.

मला भरून आलं. ते मसाल्यामुळे असावं.

"पण काका," रेहान म्हणाला, "एवढा त्रास कशाला घेतलात? वीस तारखेला आमचं जहाज सोहारलाच येतंय!"

सोहार! ओमानमधलंच बंदर, आमच्या घरापासून गाडीने दोन तास! मी तोंड उघडायच्या आत त्याने माझ्या हातात एक पिशवी ठेवली. "सुके अंजीर. खालासाठी. जरासेच आहेत."

वजन विचारलं नाही. हाताला कळलं. चार किलो.

परतल्यावर पिशवी आपांना दिली आणि जमेल तितक्या थंडपणे विचारलं, "आपा, रेहान सोहारला येणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं की!"

"मग?"

आपांना माझी कीव आली. "भाऊ, सोहारला जाणारं कुणी वेळेवर मिळतं का? ग्रीसला तर तुम्ही चाललाच होतात!"