समोरतोंडे यंत्राचा वेढा आणि गोधडीची सुटका

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष वद्य तृतीया, मंगळवार, दिवस कासराभर वर आला असता, नशिराबाद मुक्कामी मोठे नुकसान जाहल्याचे उघडकीस आले. त्याची हकीकत खरी खरी, काही न लपवता, लिहून पाठवणे, ऐसा हुकूम चिरंजीव मयुरीताईसाहेब, मुक्काम धुळे, यांणी केला, त्यावरून सेवक तोताराम, त्यांचे वडील, लिहितो. सेवकास सजवून लिहिणे येत नाही. घडले ते ऐसे.

कैलासवासी बेबाबाईसाहेब, सेवकाचे कुटुंब, यांणी आपल्या सात जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवावयास घेतली होती. तीन कडा पुऱ्या जाहल्या, चौथी चार बोटे जाहली, आणि बाईसाहेबांस इस्पितळात न्यावे लागले, तेथून त्या परत आल्या नाहीत. मग वर्षश्राद्धाचा रविवार जवळ आला, तेव्हा ताईसाहेबांनी फोनवरून फर्मावले, "बाबा, मला दागिने नकोत, भांडी नकोत. आईची गोधडी तेवढी नेणार." सेवकाने शब्द दिला आणि गोधडी उन्हात बाजेवर टाकली.

तेथे पुतण्या भूपेंद्र केळीची ट्रॉली घेऊन आला आणि त्याने गोधडी उचलली आणि घडांखाली अंथरली आणि मालाची पोच करून आला. घडांच्या दांड्यांतून चीक गळला आणि सुकून काळा पडला. गनिमाने गोधडीवर सात ठिकाणी ठाणी बसवली. केळीचा चीक कापड फाटेतो कापड सोडत नाही, हे खानदेशात लहान पोरासही ठाऊक.

सेवकाने भूपेंद्रास दरबारात उभे केले. तो म्हणाला, "नाना, मले वाटलं जुनीपुरानी शे. घडायले खाली मऊ पाहिजे व्हतं."

"मऊ पाहिजे, म्हणून काकूची गोधडी? तुझ्या कोटास काय झाले होते?"

"कोट नवा शे ना, नाना."

सेवकाने दरबार बरखास्त केला.

मग मसलत होऊन ठरले की, बुधवारी लिंबू आणि मीठ घेऊन आघाडी करावी. एकवीस लिंबे खर्ची पडली, भूपेंद्राची बोटे सोलली, आणि गनीम तसूभर हटला नाही. तेव्हा गुरुवारी श्रीमंत समोरतोंडे यांस रणांगणी बोलावले.

हे समोरतोंडे म्हणजे न्हाणीघरातील कपडे धुण्याचे यंत्र. तोंड वर नसून पुढे, म्हणून हे नाव. अकरा वर्षांमागे बाईसाहेबांनी जळगावच्या दुकानात सगळी यंत्रे सोडून हेच पसंत केले, कारण काचेतून आत काय चालले आहे ते दिसते. पुढे त्या रोज पाट मांडून पुढ्यात बसत आणि सेवकाचा सदरा गरगर फिरताना पाहत. सेवकाने यंत्रास कधी हात लावला नव्हता, आणि वर्षभर आपले कपडे बादलीत धूत होता, आणि यंत्राचे दार बंद करून ठेविले होते. उघडले तो आतून कुबट वास आला.

सेवकाने गोधडी आत सारली आणि बादलीत घालावयाची पावडर दोन ओंजळी ओतली, की गनीम जबर आहे, दारूगोळ्यात कसर नको. अर्ध्या घटकेत फेसाची फौज पावडरीच्या खणातून बाहेर पडली, न्हाणीघर काबीज केले, स्वयंपाकघरावर चालून गेली आणि अंगणात तुळशीपर्यंत पोहोचली. सेवक पायपुसणे घेऊन लढला. मग यंत्र एकदा कण्हले आणि बंद पडले. आत पाणी, पाण्यात गोधडी, आणि दारास आतून कुलूप.

ऐसा वेढा पडला. काचेआड बाईसाहेबांचे हिरवे लुगडे दिसे, हात पोचत नसे. शुक्रवार उजाडला तरी यंत्र किल्ला देईना. भूपेंद्र पहार घेऊन आला की, काच फोडू. सेवकाने पहार घेतली आणि उगारली, आणि तोच यंत्राच्या कुशीस चिकटवलेला वहीचा कागद नजरेस पडला. बाईसाहेबांचे हस्ताक्षर. त्यात फर्मान होते:

"पावडर मशीनचीच. एक चमचा. खिसे बघावे. नंतर रबर पुसावे. दार उघडे ठेवावे. अडकले तर ओढू नये, माणूस बोलवावा."

सेवकाने पहार खाली ठेविली आणि माणूस बोलाविला.

कारागीर धनसिंग जळगावाहून आले. त्यांणी तख्त न मागता सरळ जमिनीवर पालथे पडून यंत्राच्या पायथ्याशी एक चिमुकली खिडकी उघडली. किल्ल्यास चोरदरवाजा आहे, हे अकरा वर्षांत सेवकास ठाऊक नव्हते. तेथून परात परात पाणी काढले, आणि मग आतली जाळी फिरवून बाहेर ओढली. तीत सदऱ्याची दोन बटणे, केसांचा एक आकडा, आणि पाणी उपसणाऱ्या पंख्यास गुंडाळलेला लाल दोरा निघाला. दोऱ्याच्या टोकास सुई होती.

"सुई कोनी टाकी मशीनमां?" धनसिंगांनी विचारले.

ती बाईसाहेबांनी चौथ्या कडेत टोचून ठेविली होती. सेवकाने पाहिले नव्हते. सेवकाने सुई पुसून डब्यात ठेविली.

मग धनसिंगांनी पिंप हाताने फिरवले, कान लावला, आणि निवाडा दिला, "अकरा सालनी मशीन, बोअरनं खारं पानी, तरी बेरिंगना आवाज नई. रबर बी शाबूत. कोन वापरे हिले?"

"आमच्या घरचे."

"मंग आजून पाच साल चालीन. फक्त तुम्ही हात लावू नका, नाना."

शनिवारी सेवकाने हात लावलाच, पण फर्मान वाचून. पावडर एक चमचा, पाणी कोमट, दोन वेळा धुणे. शेवटी पिळताना ओली गोधडी एका अंगास गेली आणि यंत्र मस्तवाल हत्तीसारखे थरथरत न्हाणीघराच्या उंबऱ्याकडे चालू लागले, तेव्हा भूपेंद्र माहुतासारखा वर चढून बसला आणि शेवटपर्यंत हलला नाही, मात्र बोलताना त्याचे दात वाजत होते. सेवकाने त्यास गोधडीचा गुन्हा तेथेच माफ केला.

दार आपोआप उघडले. सातांपैकी सहा ठाणी उठली. सातवे हिरव्या लुगड्यावर चहाच्या रंगाचे होऊन राहिले, ते गनिमाचेच. ऐसी फत्ते जाहली, ती येथे नोंदली.

रविवारी ताईसाहेब आल्या, गोधडी मांडीवर घेतली, डागावरून बोट फिरवले, मग कडेवरून. म्हणाल्या, "ही कड तुम्ही शिवा, बाबा. झाली की नेते." आणि गोधडी ठेवून गेल्या.

सेवकाने त्या दिवसापासून यंत्राचे रबर पुसले आहे आणि दार उघडे ठेविले आहे. सुई डब्यात आहे. दोरा ओवून जाहला आहे. चौथी कड शिवायची आहे.