भावंड म्हणून आणलेला भोपळा

बिराजी शेंडगे माणसाला रामराम घालायच्या आधी त्याचा वास घेतो. चोरून नव्हे, उघड उघड. मान पुढं काढून, नाकपुड्या फुलवून. पहिल्या भेटीत मी दचकून एक पाऊल मागं सरकलो. त्यानं दोनदा हुंगलं, समाधानानं मान हलवली आणि म्हणाला, "गुरुजी, शाळंवर नवीन आलाय न्हवं? रामराम. गाडीत कुणाच्या तरी कोथिंबिरीवर बसला व्हता तुमी."

बसलो होतो! विजारीवर हिरवा डागही पडला होता, पण तो पाठीमागं, आणि बिराजी माझ्या समोर उभा. शेजार मिळावा तर असा, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. शिरूर तालुक्यातल्या निमोण्याला माझी बदली झाली आणि आम्हा नवराबायकोला मिळालेल्या दोन खोल्यांना लागूनच बिराजीच्या दोन खोल्या निघाल्या. अंगण एकच. बिराजीचे आईबाप मेंढरं राखणारे, वर्षाचे सात-आठ महिने मेंढरांबरोबर वाटेवर. मेंढरं कधीच विकली गेली होती आणि बिराजी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर होता. त्यामुळं त्याच्या डोक्यात दोन शाळा एकाच वेळी भरत. मेंढरांच्या शाळेनं त्याला नाक दिलं होतं आणि कंपनीच्या शाळेनं एक वाक्य: "ट्रायल घेतल्याबिगर माल काढायचा न्हाई."

हे वाक्य तो कशालाही लावी. नवी चप्पल आणली की आधी अंगणात वीस फेऱ्या. चहात गवती चहा घालायचा तर आधी एकच कप करायचा, तो मला पाजायचा आणि मी जगतो का, हे बघत समोर बसायचं.

अशा माणसाच्या घरी दुसरं बाळ येऊ घातलं होतं. पहिली मुलगी काजल, वय वर्षं अडीच. आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. शालनला, म्हणजे बिराजीच्या बायकोला, सातवा महिना लागला तसा बिराजी कामावरून येऊन अंगणात येरझाऱ्या घालू लागला.

"काळजी कसली करतोस?" मी विचारलं. "दुसरंच तर आहे."

"पयल्याचं काय न्हवतं, गुरुजी. पयलं पोर आलं तवा घर मोकळं व्हतं. आता आत एक माणूस हाय. तिनं ह्याला घेतलं पायजे."

मग त्यानं मला मेंढीचं शास्त्र सांगितलं. "मेंढी पोराला डोळ्यानं वळखत न्हाई, नाकानं वळखती. पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं आसंल, तर तिच्या पोराच्या अंगावरनं फडकं फिरवायचं, आन् तेच फडकं ह्याच्या अंगावर. मेंढी हुंगती, म्हणती आपलंच हाय. झालं काम!"

"अरे, पण काजल काही मेंढी नाही."

"म्हणून तर ट्रायल."

पुढच्या आठवडी बाजारातून तो एक लाल भोपळा घेऊन आला. तीन किलोचा, पाठीवरून गुळगुळीत, वर ऐटबाज देठ. "बाळाचं वजन एवढंच भरतं," तो म्हणाला. "दवाखान्यात इचारून घेतलंय." काजलनं दोन दिवस घातलेला फ्रॉक त्यानं भोपळ्याला चढवला आणि तिच्यापुढं ठेवून जाहीर केलं, "काजल, हे आपलं बाळ."

काजलनं बापाकडं पाहिलं, भोपळ्याकडं पाहिलं आणि दोन्ही हातांनी बाळाला असं ढकललं, की ते अंगण ओलांडून आमच्या उंबऱ्याला येऊन थडकलं.

शालन दारात उभी राहून पोट धरून हसत होती. "आता दोन म्हैने हेच बघायचं व्हय मी?"

"हसू नको. रिपोर्ट ठेवायचाय."

आणि खरंच, रोज संध्याकाळी मला अंगणात रिपोर्ट मिळू लागला. "आज चारदा ढकललं. काल सातदा. प्रगती हाय." मग, "आज ढकललं न्हाई, वर बसली." मग एके दिवशी तो घाईघाईनं आला, "गुरुजी, हुंगलं! हुंगलं आन् हात फिरवला!"

पंधरा दिवसांत काजल भोपळ्याची थोरली बहीण झाली. त्याला न्हाऊ घाली, भातुकलीतल्या वाटीनं वरण पाजी, अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन शू करवी आणि झाल्यावर "शाना गं माजा" म्हणे. मी जरा मोठ्यानं शिंकलो, तरी भिंतीपलीकडून दटावणी येई, "गुलुजी, हळू! बाळ झोपलंय!" मी वर्गात पन्नास पोरांना गप्प करणारा माणूस, पण त्या भोपळ्यापायी तोंडावर टॉवेल धरून शिंकायला शिकलो.

बिराजीचा हुरूप वाढला. आता दवाखान्याच्या रस्त्याची ट्रायल. शिरूरपर्यंत जीपनं जायचं, तर कुठला खड्डा बाईमाणसाला सोसणार नाही हे आधी कळायला हवं. शालननं साफ नकार दिला. मग बिराजीची नजर माझ्याकडं वळली.

"तुमी पाठीमागं आडवं व्हा. जिथं पोटात गचका बसंल तिथं फकस्त 'आई गं' म्हणा. मी चुन्याची खूण करतो."

नाटकाची हौस मला पहिल्यापासून. मी गोधडी पांघरून जीपमध्ये आडवा झालो आणि जीव ओतून ओरडलो. पहिल्या चार-पाच खड्ड्यांना बिराजी उतरला, चुन्याची फक्की टाकून आला. पुढच्या वळणावर एक सायकलवाले आबा थांबलेच. "आरं, गुरुजींला काय झालं?"

"काय न्हाई, आबा. ट्रायल हाय."

"कसली?"

"बाळातपणाची."

आबांनी माझ्याकडं बघून हात जोडले आणि सायकल दामटली. दुसऱ्या दिवशी शाळेत मी खुर्चीवर बसताना सातवीतल्या एका मुलीनं पाठीला उशी आणून दिली. गावानं माझी अशी काळजी त्याआधी घेतली नव्हती आणि नंतरही नाही.

नववा महिना लागला आणि यवतहून बिराजीच्या सासूबाई बाळंतपणासाठी आल्या. हौसाबाई. हायवेच्या गावातली बाई, आवाज ट्रकच्या हॉर्नवरूनही ऐकू जाईल असा, आणि हाताला क्षणाची विश्रांती नाही. आल्या त्या दुपारी काजल आमच्या घरी माझ्या बायकोजवळ झोपली होती, शालन डोळा लागून पडली होती आणि बिराजी कामावर. हौसाबाईंनी घर आवरायला काढलं. पाळण्यात त्यांना फ्रॉक घातलेला भोपळा सापडला. त्यांना वाटलं, पोरीनं खेळायला घेतला असेल. त्यांनी फ्रॉक काढून दोरीवर टाकला, भोपळा किसला, गूळ घातला आणि परातभर घारगे तळले.

एक ताटली अर्थातच आमच्याकडं आली. मी पाच खाल्ले. चव आजही आठवते, आणि आठवली की लाज वाटते.

काजल उठली, घरी गेली, पाळण्यात पाहिलं. मग चुलीजवळ गेली. तिथं सालींच्या ढिगावर देठ पडला होता.

तो आक्रोश मी सांगू शकत नाही. "आजीनं बाळ कापलं! आजीनं बाळ कापलं!" गल्लीतल्या बाया धावत आल्या. हौसाबाईंच्या हातातला झारा तसाच हवेत राहिला. बिराजी संध्याकाळी आला तेव्हा पोरगी हुंदके देऊन देऊन थकली होती आणि सासूबाई पेटल्या होत्या.

"जावईबापू, पोरीला पार येडी करून ठिवली तुमी! भोपळ्याला भाऊ म्हणत्यात का कवा? ते काय न्हाई. उंद्याच्या गाडीनं हिला यवतला माझ्या सुनंकडं सोडून येती. बाळातपण झालं, सव्वा म्हैना झाला, का आणून घालती. शालनला बी इसावा."

सगळ्यांना पटलं. माझ्या बायकोला पटलं, गल्लीतल्या बायांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. अवघडलेली बाई, त्यात पदर न सोडणारी पोर. दीड-दोन महिन्यांचा तर प्रश्न. शालन मात्र नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

बिराजीनं काजलला खांद्यावर घेतलं आणि तो बाहेर पडला. थोड्या वेळानं मी शोधत गेलो, तर शाळेमागच्या बांधावर बसला होता. पोर खांद्यावरच झोपली होती. मी जवळ गेलो तरी त्यानं माझा वास घेतला नाही. तेव्हा मी घाबरलो.

"अरे, दोन महिने म्हणजे काही फार नाहीत," मी म्हणालो.

"मला बी दोन म्हैनेच सांगितलं व्हतं."

मी खाली बसलो.

"काजलएवढाच आसंन मी. धाकटा जन्मला आन् पंधरा दिसांत मेंढरं कोकणाकडं निघाली. वहिनीला चालायचं व्हतं. एक वल्लं बाळ, वर मी. मला राहू गावाला आत्याकडं ठिवला. दोन म्हैन्यांत कुणाला तरी धाडून नेती, म्हणली."

"वहिनी कोण?"

"माजी आई. आत्या तिला वहिनी म्हणायची, मी बी तेच शिकलो." तो काजलच्या पाठीवर थोपटत होता. "मेंढरं परत आली पावसाच्या तोंडाला. ती मला न्यायला आली, हात पुढं केलं, आन् मी आत्याच्या लुगड्यामागं दडलो. इचारलं, ही बाई कोण. समदी हसली, गुरुजी. ती बी हसली. मग उठून मेंढरांत जाऊन बसली."

मी काजलच्या पायावर बसलेला डास हाकलला.

"आजून वहिनीच म्हणतो," तो म्हणाला. "जीब वळत न्हाई. तिची काय चूक न्हाई. पर काजल कुटं जाणार न्हाई."

सकाळी हौसाबाई पिशवी भरून तयार. काजलला गाडीत बसायचं म्हणून नवा फ्रॉक घातलेला. बिराजी दारात आडवा उभा राहिला, सासूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "मामी, पुन्यांदा पाया पडतो. पर पोरगी ऱ्हाईल."

"आन् सांभाळायची कुणी?"

"मी."

"कंपनीत?"

"सुट्टी टाकलीय."

"आन् दवाखान्यात गेल्यावर?"

"संगं नेणार."

हौसाबाईंनी लेकीकडं पाहिलं, निदान ही तरी शहाणपणाचं बोलेल म्हणून. शालन म्हणाली, "आई, पिशवी ठिव खाली." मीही मध्ये तोंड घातलं, "काजल दुपारची आमच्याकडं राहील. पाच घारगे खाल्लेत मी, एवढं तर केलंच पाहिजे." हौसाबाईंनी पिशवी अशी आपटली की आतला तांब्या वाजला. पण आपटली ती खालीच.

पुढं दहा दिवसांनी, भर दुपारी, चुन्याच्या खुणा चुकवत जीप शिरूरला गेली. मागं शालन आणि हौसाबाई, पुढं बिराजी, त्याच्या मांडीवर काजल. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो तेव्हा बापानं घातलेल्या काजलच्या एका वेणीचं तोंड रांजणगावकडं आणि दुसरीचं दौंडकडं होतं. दवाखान्याच्या ओसरीवर बापलेकीनं सतरंजी टाकली होती आणि दर तासाला तो तिला आईच्या खाटेपर्यंत नेऊन आणत होता.

"ओ, पोरीला घरी ठेवून या," नर्सबाई खेकसल्या.

"घर हितंच हाय, सिस्टर," बिराजी म्हणाला.

मुलगी झाली होती. काजलला खाटेवर चढवलं. तिनं बाळाकडं कितीतरी वेळ बघितलं, हुबेहूब बापासारखी मान पुढं काढून हुंगलं आणि निराश होऊन म्हणाली, "ह्याला देठ न्हाई."

"हाय की," शालन म्हणाली आणि दुपटं जरा बाजूला सारून बाळाच्या बेंबीवरची नाळ दाखवली.

काजलचा चेहरा उजळला. आईच्या पदराचं टोक तिनं मुठीत धरलं आणि दुसरं टोक खेचून बाळावर टाकलं. हौसाबाई तोंड फिरवून डबा उघडू लागल्या, पण डबा आधीच उघडा होता.

बाळंतीण घरी आल्यावर चार दिवसांनी बिराजीची आई आली; मेंढरं विकल्यापासून ती राहूलाच असे. वाळलेली, ताठ, कमी बोलणारी म्हातारी. नातीला मांडीवर घेतलं, तोंड पाहिलं, कानात काहीतरी पुटपुटली. पलीकडं शालनच्या कुशीत काजल झोपली होती. म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. बिराजी भिंतीला टेकून उभा होता.

"दवाखान्यात गेला तवा थोरलीला कुटं ठिवली व्हती?" तिनं विचारलं.

"कुटंच न्हाई, वहिनी."

म्हातारीनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "बरं केलंस," ती म्हणाली. आणि बाळाच्या अंगावरचं, आधीच नीट असलेलं पांघरूण ती नीट करत बसली.

बिराजी बाहेर गेला. जरा वेळानं मीही गेलो. न्हाणीपाशी बसून तो बाळाचं एक दुपटं धूत होता. ते स्वच्छ झालेलं होतं, तरी तो धूत होता. एरवी मी काहीतरी चावट बोललो असतो. जिभेवर आलंही होतं.

मी खाली बसलो आणि दुपट्याचं दुसरं टोक धरलं. त्यानं वर पाहिलं नाही. आम्ही दोघांनी मिळून ते पिळलं, झटकलं आणि पुन्हा पिळलं. दोघांनी पिळावं एवढं काही ते दुपटं मोठं नव्हतं.