मांडीवर मावणारी सायकल

आमच्या रेवदंड्यात वकिलांनी नवी कोरी विलायती सायकल आणली, तेव्हा अख्खी आळी ती बघायला लोटली. कुणी घंटी वाजवली, कुणी चाक फिरवलं. ठोसरमास्तर तेवढे हात मागे बांधून तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, "छान आहे. घडी किती?"

"घडी? अहो, सायकल आहे ती!"

"घडी होत नाही?" मास्तरांनी वकिलांकडे असं पाहिलं, की जणू त्यांना कुणीतरी चांगलंच फसवलंय. "मग हिला दाणापाणी घाला आणि तबेल्यात बांधा."

ठोसरमास्तर म्हणजे आमच्या शाळेचे ड्रॉइंगमास्तर. सगळे त्यांना नाना म्हणत. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो, त्यामुळे या माणसाच्या तावडीतून माझी सुटका नव्हती. जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न एकच. माझ्या लग्नातला पलंग पाहून त्यांनी "घडी किती?" विचारलं होतं, तेही बायकोच्या मामांसमोर. "छत्री मिटते, पंचा मिटतो, खेकडासुद्धा पाय दुमडून बिळात शिरतो," ते म्हणत. "आईच्या पोटात तुम्ही काय ताठ उभे होता?"

या वेडाला कारण होतं, आणि ते गावात सर्वांना ठाऊक होतं. नानांची एकुलती एक लेक सुशी खाडीपलीकडे नांदगावला दिलेली. बायको वारल्यावर नानांना ती एवढीच. तिच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांचा नेम. खाडी ओलांडून पलीकडे साळावला उतरून पायी गेलं, तर दिवस जाण्यातच संपायचा. सायकल असेल तर रविवारी सकाळी निघून, लेकीला तासभर भेटून, संध्याकाळची शेवटची तर, म्हणजे उतारूंची होडी, गाठता येत होती. पण सायकल तरीवर चढत नव्हती. आडवा आला होता ती होडी चालवणारा धाकू तांडेल.

"मास्तर, तरीवं एकच कायदा हाय," धाकू म्हणायचा. "मांडीवर मावंल ते मानसाबरोबर, न्हाय मावंल ते मालाच्या होडीत. माज्या बापापासून हेच हाय." आणि मालाची होडी भरती बघून, तिच्या सवडीने सुटायची.

"साळावलाच कुणाच्या तरी पडवीत ठेवा की सायकल," मी एकदा सुचवलं.

"आणि धाकूला जिंकू देऊ?" नाना कडाडले.

पहिली सायकल त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणली. लढाईत शिपाई पाठीला बांधून नेत म्हणे. तिचं नाव फौजी. मधल्या दोन बिजागऱ्या सैल केल्या की ती पुस्तकासारखी मिटायची आणि चाकाला चाक लागायचं. पण चाकं होती मोठी. मिटूनही तीन फुटांच्या वर, शिवाय हँडल बाहेर. तरीवर नानांनी ती मांडीवर घेतली तेव्हा शेजारची कोळीण ओरडली, "ओ मास्तर, तुमचा शिंग आवरा! माजी पाटी सांडंल!" धाकूने नुसतं किनाऱ्याकडे बोट दाखवलं. नाना उतरले.

मग एका पारशाकडची सायकल पाहायला ते मला घेऊन मुंबईला गेले. तिचं पुढचं चाक निघायचं, दांडाही दोन तुकड्यांत सुटा व्हायचा. गाठोडं खरंच लहान व्हायचं. मला ती पसंत पडली. नानांनी फूटपट्टी खिशात घातली. "ही घडी नव्हे. धोतराची घडी घालतात, धोतर फाडून दोन तुकडे करत नाहीत!" पारशी हसत होता, मी मात्र लाजेने अर्धा झालो.

शेवटी त्यांनी स्वतःच चित्र काढलं आणि लोहाराला वर्षभर छळलं. पोरांच्या सायकलीची चाकं, मध्ये एक बिजागरी, हँडल खाली मान घालणारं, पायडल आत दुमडणारे. मिटल्यावर दोन फूट लांब, पावणेदोन फूट उंच, जाडी वीतभर. तिच्यावर बसले की नानांचे गुडघे कानांशी यायचे आणि रस्त्यावरची कुत्री भुंकायचीसुद्धा विसरायची. नानांना त्याची पर्वा नव्हती.

परीक्षेच्या रविवारी मी साक्षीदार. माझ्यासाठी फौजी आदल्याच दिवशी मालाच्या होडीतून पुढे गेली होती. नाना फळीवर बसले, सायकल मांडीवर. धाकू वाकला. "चाक भायेर हाय."

नानांनी चपला काढल्या, होडीच्या तळात उतरून पाय दुमडून बसले आणि सायकल पुन्हा मांडीवर घेतली. दोन्ही बाजूंना बोट बोट जागा उरली. धाकूने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. माणूस हट्टी, पण खोटा नव्हता. "मावली," तो म्हणाला आणि वल्ह्याला हात घातला. सबंध तर हसली. नाना मात्र दरबारात बसल्यासारखे बसून होते.

नांदगावी अंगणात त्यांनी तीनदा सायकल मिटवून दाखवली. विहीणबाई पदराआड हसल्या. सुशीने गंभीरपणे विचारलं, "नाना, घडी किती भरली?" त्या एका प्रश्नाने म्हाताऱ्याचं वर्षाचं सार्थक झालं.

मग ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी प्यालो. नानांनी हात जोडले. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. सुशीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती.

"त्यांना कसं चालेल?" विहीणबाई मला म्हणाल्या. "आमच्या अंगणात पाळणा हलेल, तेव्हा पितील हो!"

सुशी तांब्या घेऊन तशीच उभी राहिली, मान खाली. हे ती इतकी वर्षं ऐकत आली असणार. नाना तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"सुशे, आण तो तांब्या."

"अहो व्याहीबुवा, रीत आहे ती!"

"रीत मी पाळतोय आणि शिक्षा ती भोगतेय," नाना म्हणाले. "माझं मूल माझ्यासमोर उभं आहे. मला दुसऱ्या कुणाची वाट बघायची नाही." आणि सगळ्या घरादेखत त्यांनी तांब्या तोंडाला लावून रिकामा केला. मिश्यांवरून पाणी गळत होतं, ते पुसलंसुद्धा नाही. "आता पान मांड. मी जेवणार आहे. हवं तर राहणारही आहे."

विहीणबाई आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. जावई आमच्या पंगतीला बसला. सुशीने भात वाढला, आमटी वाढली. आमटी पानाबाहेर गेली. नाना खाली मान घालून भरभर जेवत होते.

"नाना, अजून वाढू?" तिने विचारलं. सहा वर्षांत बापाला हे विचारायची तिची पहिलीच वेळ होती.

"वाढ," नाना म्हणाले.